तारखेसकट पाठवा मला

मी एक ईमेल बोलतेय. अवघ्या तीन ओळींची. गोड बोलणं मला जमत नाही, कारण जिनं मला लिहिलं तिलाही ते कधी जमलं नाही.

माझा जन्म एका इस्पितळाच्या धुलाईघरातला, मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी झालेला. तिथल्या मुकादम म्हणजे मावशी. शाळा चौथीपर्यंत. एका बोटानं एकेक अक्षर हुडकत त्यांनी मला टाइप केलं: "तीन नंबरच्या सुकवायच्या मशीनचं दार चालू असताना उघडतं. कुणाचा तरी हात जाईल. दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवा." ना नमस्कार, ना विनंती. खाली नावही नाही. कुणी पाठवलं ते वर दिसतंच की, असं मावशींचं म्हणणं.

मी गेले स्टोअरवाल्या भाऊंकडे. भाऊंनी 'बघून घ्या' म्हणून मिस्त्रीकडे ढकललं. मिस्त्रीनं 'पार्ट लागेल' म्हणून परत भाऊंकडे. भाऊंनी मॅनेजरसाहेबांकडे. दर ढकलण्यासरशी माझ्या ओळीओळीपुढे बाणाच्या टोकासारखी एकेक खूण चिकटायची. मध्येमध्ये सह्या, हुद्दे, फोन नंबर. एका तुटक्या दारापायी माझं पार भूत झालं.

साहेबांनी मला उघडलं आणि ओरडले, "ही ईमेल आहे की काटेरी कुंपण?"

वाचायचं मात्र नाव नको. कॉम्प्युटरवाल्याला हाक गेली. तो सेटिंगमध्ये शिरला.

"साहेब, या खुणा काढू?"

"काढ."

"आणि वरचं? कुणी पाठवलं, कधी पाठवलं?"

"सगळं काढ रे बाबा! पुढे पाठवलेलं कसं स्वच्छ दिसलं पाहिजे."

त्यानं त्या दोन गोष्टींपुढच्या चौकटींतल्या टिका काढल्या आणि सगळ्या खात्यांना तेच लावून टाकलं. हे बुधवारी. मला साफ करायला दोन माणसं आणि अर्धा तास मिळाला. मशीनकडे चार पावलं चालत जायला मात्र कुणाला सवड नव्हती.

गुरुवारी मावशींची साप्ताहिक सुट्टी. त्यांनी बंद ठेवलेलं तीन नंबर साहेबांनी चादरींचा ढीग पाहून चालू करायला लावलं. दार उघडलं. इस्त्रीवाल्या काकूंची दोन बोटं चिरडली.

शुक्रवारी वरच्या ऑफिसनं विचारलं, तक्रार आली होती का? भाऊंनी मंगळवारच्या मला शोधून पुढे पाठवलं. मी निघाले, अगदी गुळगुळीत. ओळी त्याच, पण वर मावशींचं नाव नाही, मंगळवार नाही. पाठवणार भाऊ, वार शुक्रवार! वरच्यांनी निकाल दिला: तक्रार अपघातानंतरची, तीही स्टोअरची. मुकादम गप्प बसली, तिला कामावरून काढा.

काढायची नोटीस मुठीत धरून मावशी साहेबांच्या खोलीत आल्या.

साहेब मऊ आवाजात म्हणाले, "मावशी, चूक झाली म्हणून दोन ओळी लिहून द्या. मी सांभाळून घेतो."

"एक अक्षर लिहिणार नाही. लिहायचं ते मी मंगळवारी लिहिलंय."

त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला बोलावून स्वतःचं खातं उघडायला लावलं. पाठवलेल्या ईमेलींमध्ये मी होते, जशी जन्मले तशी. नाव, वार, वेळ, सगळं जागच्या जागी.

"मग हे वरचं गेलं कुठं?" मावशींनी विचारलं.

कॉम्प्युटरवाल्यानं मान खाली घातली. "साफ केलं, मावशी. सेटिंगमध्ये."

"साफ? आम्ही दिवसाला पाचशे चादरी धुतो. रक्त काढतो, औषधाचे डाग काढतो. पण कोपऱ्यातला वॉर्डाचा नंबर कधी धुऊन काढला नाही. तो गेला तर चादर कुठली, हे तुझा काका सांगणार?"

"मावशी, आवाज खाली," साहेब म्हणाले. "कुणाशी बोलताय?"

"ज्यानं मशीन चालू करायला लावलं त्याच्याशी." मग कॉम्प्युटरवाल्याकडे वळून, "हे बघ, बाणबिण काढ, सह्यांचं लेंढार काढ. कुणी लिहिलं आणि कधी लिहिलं, तेवढ्याला हात लावायचा नाही. लाव टीक. आत्ता, माझ्यासमोर. आणि साहेब, ही वर पाठवायची तुम्ही. तुमच्या हातानं."

साहेबांचं बोट बटणावर बराच वेळ घुटमळलं. मावशी खुर्चीत बसल्या नाहीत आणि दारातून हलल्याही नाहीत. शेवटी बटण दाबलं गेलं.

सोमवारी नोटीस मागे घेतली. काकूंची बोटं काही सरळ झाली नाहीत. मी ती सरळ करू शकत नाही, आणि तसं नाटकही करणार नाही. साहेबांनी नंतर दोनदा सुचवलं की मावशींनी त्या दिवशीच्या आवाजाबद्दल माफी मागावी. मावशींनी मागितली नाही. मीही मागणार नाही.

आता मी चौकशीच्या फायलीत पहिल्या पानावर बसलेय. तुम्हीही मला पुढे पाठवाल, तुमच्याही सेटिंगमध्ये त्या टिका असतील. मला खुशाल आंघोळ घाला, माझी काही तक्रार नाही. पण माझी मान कापून वर मला नीटनेटकी म्हणू नका. ज्या बाईनं हात जाण्याच्या दोन दिवस आधी सांगितलं होतं, तिचं नाव घेऊनच मी येणार. डोळ्यांत खुपलं तर खुपू दे.