एक किलो वीस ग्रॅम चोथा

मंगळवार, दिनांक ४ मार्च २०२५ रोजी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर अकरा गाजरे, चार बीट, सहा सफरचंदे आणि पालकाची एक जुडी, अशी एकूण बावीस नगांची हजेरी घेण्यात आली. वजन भरले दोन हजार आठशे पन्नास ग्रॅम.

हजेरी घेणारे गृहस्थ पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात सदतीस वर्षे तपासनीस होते. मिलिमीटरचा हजारावा हिस्सा, म्हणजे एक मायक्रॉन, इकडचा तिकडे झाला तरी ते नग परत पाठवत. त्यामुळे कामगारांनी त्यांचे नाव मायक्रॉनराव ठेवले होते. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांच्याकडून ओळखपत्र परत घेतले. नाव मात्र त्यांच्याबरोबर घरी आले, आणि सुनेने ते पहिल्याच आठवड्यात माहेरी पोहोचवले.

आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांचा रक्ताचा अहवाल टेबलावर ठेवून सांगितले होते, "तीन महिन्यांची सरासरी साखर आठ पूर्णांक चार आहे. मला सातच्या खाली हवी. गोळी चालू ठेवा, आणि झाडाला लागतं, जमिनीत उगवतं, ते घरी करून खा. फळं, भाज्या, डाळी. पाकिटातलं बंद. सोळा आठवडे देते. नाही उतरली, तर रोज पोटात सुई."

शेवटचा शब्द ऐकून मायक्रॉनरावांनी खुर्चीचा हात धरला. ज्यांच्या नुसत्या चष्म्याला मुकादम टरकत, ते मायक्रॉनराव सुईला टरकत. कारखान्यातल्या लसीकरणाच्या दिवशी ते रांगेत चौथे होते आणि पहिल्याचा दंड पाहूनच आडवे झाले होते. पडताना त्यांनी परिचारिकेलाही सोबत नेले, हा तपशील तिथल्या उपाहारगृहात अजून सांगितला जातो. त्यामुळे सोमवार, २३ जून ही तारीख त्यांनी लाल शाईने कॅलेंडरवर लिहिली आणि घरातल्या पाचही जणांच्या पोटांचा कारभार त्याच संध्याकाळी हाती घेतला.

निरोपसमारंभात मिळालेले रस काढायचे यंत्र चार वर्षे माळ्यावर खोक्यात पडून होते. मायक्रॉनरावांनी ते उतरवले, माहितीपुस्तिका दोनदा वाचली, आणि त्यांचे डोळे लकाकले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या भाजीपाल्यात जी एक गोष्ट नव्हती, ती सापडली होती: मोटर.

पहिल्या दिवशीचा रस निघाला सोळाशे ग्रॅम. पाच पेले प्रत्येकी तीनशेचे, आणि शंभर ग्रॅम राखीव नमुना. कारखान्यात प्रत्येक खेपेचा नमुना राखून ठेवत. येथे तो चोवीस तास फ्रिजमध्ये चिठ्ठी लावून राही आणि मुदत संपली की स्वतः तपासनीस तो पिऊन टाकत. टाकून देणे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हते.

चोथा मात्र ते टाकायला निघाले. पत्नीने डबा मध्येच अडवला. त्या घराच्या समोरच्या खोलीत चाळीस वर्षे कपडे शिवत आल्या होत्या, आणि कातरीखाली पडलेला चार बोटांचा तुकडाही त्यांनी कधी केरात जाऊ दिला नव्हता.

"अहो, हे काय फेकताय?"

"चोथा. यंत्राचं भंगार."

"भंगार कसलं? अख्खं गाजर आहे यात. नुसतं रडून मोकळं झालंय."

"अगं, यंत्राला दोन तोंडं असतात. पुढच्या तोंडातून माल येतो, मागच्या तोंडातून भंगार. सदतीस वर्षं मी हेच बघितलं."

"यात थोडी डाळ वाटून घालते, थापून भाजते. काय बिघडलं?"

"तू तुझं शिवण बघ."

एवढे बोलून मायक्रॉनरावांनी फ्रिजवर सूचनापत्रक चिकटवले. त्यातील नियम क्रमांक चार असा होता: 'यंत्रातून निघालेले भंगार कोणत्याही सबबीवर खाद्यपदार्थांत मिसळू नये. हुकमावरून.' पत्नीने चष्मा लावून तो वाचला आणि त्या म्हणाल्या, "बरं."

पत्नीच्या त्या 'बरं'चा नेमका अर्थ मोजणारे उपकरण मायक्रॉनरावांच्या संग्रहात नव्हते.

रोजचा क्रम ठरला. सात वाजून दहा मिनिटांनी पाच पेले टेबलावर. प्रत्येकाने पेला घेऊन वहीत सही करायची. दुपारी उकडलेली डाळ, उकडलेली भाजी. संध्याकाळी बदाम, सात नग. साडेसातला मायक्रॉनराव पन्नास मिनिटांच्या फेरीला बाहेर पडत, आणि परत येईपर्यंत मुलगा नकाशांच्या कचेरीत, सून दातांच्या दवाखान्यात आणि नऊ वर्षांची नात शाळेत गेलेली असे.

"आजोबा, हा रस कोणावर चिडलाय?" नातीने पहिल्या दिवशी विचारले.

"चिडलेला नाही. बीट आहे त्यात."

"मग बीट चिडलंय."

"बाबा," मुलगा म्हणाला, "पेला परत करताना पण सही करायची का? का एकदम जूनमध्ये हिशेब मिटवायचा?"

"चेष्टा कर. पण सही कर."

सुनेने काही न बोलता सही केली. दवाखान्यात दिवसभर लोकांना 'आ करा' सांगणारी ती बाई, सासऱ्यासमोर तोंड कधी मिटावे हे चांगले जाणून होती.

रोज सकाळी उठल्याबरोबर बोट टोचून साखर मोजण्याचा कार्यक्रम पत्नीकडे होता. मायक्रॉनराव बोट पुढे करत, मान भिंतीकडे वळवत आणि मोठ्याने पाढे म्हणत. पहिल्या दिवशी सत्तावीसच्या पाढ्यावर आकडा आला, एकशे बावन्न. दहाव्या दिवशी एकशे एकोणसाठ. अठराव्या दिवशी पत्नी म्हणाल्या, "अहो, वाढतेय. मी काय म्हणते, तो चोथा—"

"नियम क्रमांक चार."

"बरं."

बत्तिसाव्या दिवशी, शुक्रवारी, आकडा आला एकशे चौऱ्याहत्तर.

मायक्रॉनराव पलंगाच्या कडेवर बसून राहिले. आपण बत्तीस दिवस गोडाचा कण तोंडात घातला नाही, हे ते शपथेवर सांगू शकत होते. म्हणजे दोष उपकरणात असणार. त्यांनी घरातल्या चौघांनाही रांगेत उभे करून बोटे टोचून घेतली. चौघांचे आकडे जिथल्या तिथे होते. शिवाय वजनकाट्यावर उभे केले तेव्हा सून दोन किलोंनी उतरलेली, मुलाचा पट्टा एका भोकाने आत आलेला, आणि पत्नीचे गुडघे जिना चढताना कुरकुरत नव्हते.

उपकरण बरोबर होते. तोच रस, तेच माप, तेच यंत्र. पाच नगांपैकी चार उत्तीर्ण आणि एक नापास. सदतीस वर्षे त्यांनी अशा नगावर लाल खडूने फुली मारली होती. त्या दिवशी त्यांनी आरशात पाहणे टाळले.

"सुई मोठी असते का गं?" त्यांनी दुपारी पत्नीला विचारले. आवाज शक्य तितका सहज ठेवला होता.

"माझ्या मशीनच्या सुईपेक्षा बारीक," पत्नी म्हणाल्या. त्या धीर देत होत्या, पण मायक्रॉनरावांच्या डोळ्यांपुढे मिनिटाला आठशे टाके उभे राहिले.

शनिवारी, तेहेतिसाव्या दिवशी, त्यांनी शेवटचा उपाय केला. कारखान्यात कुठे गळती असली की ते आत गेलेले आणि बाहेर आलेले वजन ताडून पाहत. आत गेले अठ्ठावीसशे पन्नास. रस सोळाशे. यंत्राला चिकटलेले चाळीस. उरला चोथा बाराशे दहा. तो आपल्या डोळ्यांदेखत केराच्या डब्यात गेला, याची खात्री करून ते नेहमीप्रमाणे साडेसातला बाहेर पडले. खाली फाटकापाशी आल्यावर त्यांना आठवले की शुक्रवारी संध्याकाळी केराचा डबा त्यांनी उचलला तेव्हा तो फार हलका लागला होता. काल तेवढ्यावर त्यांचे लक्ष गेले नव्हते, कारण काल ते स्वतःच भंगारात निघाले होते.

ते मागे वळले. सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी त्यांनी आपल्याच घराचे दार किल्लीने हळूच उघडले, चपला हातात घेतल्या, केराचा डबा उचलला आणि खिशातल्या स्प्रिंगकाट्याला अडकवला. आतला माल भरला एकशे नव्वद ग्रॅम, तोही बहुतेक चोथ्यातून वेचून टाकलेल्या साली आणि देठ.

एक किलो वीस ग्रॅम चोथा गायब होता.

स्वयंपाकघरातून चर्र असा आवाज आला आणि पाठोपाठ जिरे व आले यांचा खमंग वास. मायक्रॉनराव दारात जाऊन उभे राहिले. ओट्याशी सारे घर कामाला लागले होते. पत्नी परातीत वाटलेली डाळ, ओट्स आणि चोथा एकत्र मळत होत्या. चार पेल्यांतला रस, प्रत्येकातला एकेक घोट वजा जाता, नात त्याच परातीत ओतत होती. सून चकत्या थापत होती. मुलगा तव्यावर उलटत होता आणि उलटता उलटता खात होता.

प्रथम नातीने पाहिले. "आजी, तपासणी आली."

मुलाचा घास घशात अडकला. "बाबा! आज लवकर?"

"तुम्ही सह्या केल्यात," हातातल्या चपला रोखून मायक्रॉनराव म्हणाले. "तेहेतीस दिवस. वहीत."

"वहीत 'प्राप्त' असं लिहिलंय, बाबा," मुलगा म्हणाला. "प्राप्त झालाच की. प्यायलो असं कुठे लिहिलंय?"

"तू गप्प बस," पत्नी त्याच्यावर ओरडल्या आणि पिठाचे हात तसेच ठेवून नवऱ्याकडे वळल्या. "हो, केलं. रोज केलं. केराच्या डब्यात आधीच धुतलेलं फडकं अंथरून ठेवते. तुम्ही सात वाजता अख्खी भाजी उसवता, आम्ही साडेसातला परत शिवतो. डब्यात नेतात दोघं. पोरगीही नेते. तिच्या बाईंनी सुद्धा मागून घेतली एकदा."

"मला का नाही सांगितलंस?"

पत्नीने कोपराने फ्रिजकडे खूण केली. नियम क्रमांक चार तेथे बत्तीस दिवसांच्या वाफेने किंचित कुरळा झाला होता.

"दोनदा सांगितलं. एकदा मला शिवणाकडे पाठवलंत, एकदा या नियमाकडे. आणि रोज सकाळी तुमचं बोट कोण टोचतं? एकशे चौऱ्याहत्तर मला नाही दिसत?" त्यांचा आवाज थोडा खाली आला. "सोमवारपासून तुमच्या डाळीत चोरून कालवणार होते. मग काढा म्हटलं फुली माझ्यावर."

अशा वेळी मायक्रॉनराव नेहमी जे करत, तेच त्यांनी केले: खिशातून कॅलिपर काढला. ताटातल्या चकत्यांचा व्यास मोजला. बासष्ट, त्रेसष्ट, साडेएकसष्ट.

"हातानं थापलेल्या?" त्यांनी सुनेला विचारले.

"हो बाबा."

"हं."

सदतीस वर्षांत इतकी मोठी स्तुती त्यांनी तीनदाच केली होती. मग एक चकती नमुना म्हणून खाल्ली. एका नमुन्यावरून खेपेचा निकाल देता येत नाही, म्हणून दुसरी. पाचव्या नमुन्यानंतर पत्नीने ताट काढून घेतले.

नऊ वाजता डॉक्टरीणबाईंना फोन लावला. सगळे ऐकून घेऊन त्यांनी बहुधा फोन बाजूला धरला आणि हसून घेतले. मग म्हणाल्या, "सहा सफरचंदं एका बैठकीत चावून खाल का कधी? पाच जणांत वाटलीत तरी गोड ते सगळं पेल्यात, आणि त्या गोडाला धरून ठेवणारा सगळा चोथा केरात. वर तो शंभर ग्रॅमचा नमुना! तो कोणी सांगितला होता?"

"कारखान्याची पद्धत," मायक्रॉनराव पुटपुटले.

"तुमच्या घरात एक शहाणं माणूस आहे. ते कपडे शिवतं. त्याचं ऐका."

त्या दुपारी फ्रिजवर नवे पत्रक लागले: 'नियम क्रमांक चार रद्द. भंगार कोणते, हे ठरवण्याचा अधिकार यापुढे शिवणखात्याकडे राहील.' पत्नीने चष्मा लावून ते वाचले.

"बरं," त्या म्हणाल्या. हे 'बरं' वेगळे होते. एवढा फरक मायक्रॉनरावांना उपकरणाशिवाय कळला.

यंत्र पुन्हा खोक्यात आणि खोके माळ्यावर गेले. पुढचे एकोणऐंशी दिवस मायक्रॉनराव रोज सकाळी किसणी घेऊन बसत आणि गाजर, बीट, दुधी, कोबी जे समोर येईल ते किसत. रसाबद्दल नातीने एकदा चौकशी केली तेव्हा त्यांनी तिला अख्खे सफरचंद दिले आणि सांगितले, "यंत्र तुझ्या तोंडात आहे. बत्तीस दात, मोटर लागत नाही."

"माझे चोवीसच आहेत, आजोबा."

"मग सावकाश चालव."

चकत्यांवर त्यांनी एकच सुधारणा सुचवली, ती म्हणजे थापताना खाली स्टीलचे कडे ठेवावे. ती फेटाळण्यात आली.

सोमवार, दिनांक २३ जून रोजी सकाळी सव्वानऊ वाजता डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर बंद पाकीट आले. मायक्रॉनराव भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांनी सत्तावीसचा पाढा सुरू केला होता. पत्नीने त्यांच्या दंडावर हात ठेवला. बोटावर शिवताना घालायचे धातूचे टोपण तसेच होते, घाईत काढायचे राहिले होते. पाकीट फाडल्याचा आवाज आला. डॉक्टरीणबाईंनी कागद वळवून दोघांपुढे सरकवला.

"काय खाल्लंत इतके दिवस?"

"भंगार," मायक्रॉनराव म्हणाले, आणि मग धीर करून त्यांनी मान वळवली.

६.८.