चाळीस मिनिटांनंतर

सुकेशनी गंगाखेडला राहायची आणि राणीसावरगावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवायची. एसटीच्या वेळा शाळेशी जुळेनात, म्हणून तिनं आणि नवरा नागेशनं गेल्या हिवाळ्यात नवी कार घेतली. दोनच महिन्यांत ती रस्त्यात बंद पडायला लागली. रोज नाही, पण कधीतरी चाळीसेक मिनिटं चालून इंजिन तापलं की धक्का द्यायची आणि गप्प व्हायची. अर्ध्या तासानं चावी फिरवली की काही झालंच नाही अशी सुरू.

परभणीच्या शोरूमला चार वेळा गाडी नेली. तिथली माणसं जवळच एक चक्कर मारायची, कॉम्प्युटर जोडायची आणि कागदावर ‘दोष आढळला नाही’ असं लिहून गाडी धुऊन परत द्यायची.

मग जुलैत ती गोदावरीच्या पुलावर बंद पडली. शेजारी सासूबाई, कुसुमबाई बसलेल्या. मागून खडीचा ट्रक हॉर्न वाजवत आला आणि हातभर अंतरावर थांबला. त्या दिवसापासून कुसुमबाईंनी गाडीत पाय ठेवला नाही. सुकेशनीला तर फळ्यावर लिहिताना बाहेर एखादी मोटार थांबली तरी दचकायला व्हायचं.

“विकून टाकू,” नागेश म्हणाला.

“कुणाला? घेणारा पुलावर अडकला म्हंजे?”

दुसऱ्या दिवशी ती एकटीच शोरूमला गेली.

सर्व्हिस मॅनेजर बन्सीधर गिराम यांनी बॉनेट उघडून पाहिलं. “मॅडम, आता वॉरंटीत बसत न्हाई. बाहेरच्या मेकॅनिकनं वायरिंगला हात लावलाय.”

“पुलावर कुणाला बोलवायचं होतं मग? तुमचा फोन कुणी उचलंना.”

“कंपनीचा नियम हाय.”

“बरं. गाडीत दोष न्हाई, बिनधास्त चालवा, असं लिहून सही द्या.”

गिराम पेनाशी खेळत राहिले. सही काही केली नाही.

“मग माझ्यासंग बसा. गंगाखेडला जाऊ अन् परत येऊ.”

“मला इथं कामं हायेत, मॅडम.”

“मलाबी शाळा हाय. रजा टाकून आलेय.”

खुर्च्यांवर बसलेली गिऱ्हाइकं त्यांच्याकडं बघायला लागली होती. गिराम उठले.

जाताना गाडी पाण्यासारखी पळाली. सुकेशनीचे कान इंजिनाकडं. बंद पड, आज तरी बंद पड, असं ती मनात म्हणत होती आणि तसं म्हणायची तिची तिलाच लाज वाटत होती. गंगाखेडला चहा पिताना गिराम हसले. “बघा, लोणी हाय नुसतं. तुमच्या मनातच भीती बसली. द्या, परत मी चालवतो.”

तिनं चावी दिली. आपलंच चुकतंय की काय, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

पोखर्णी मागं पडली. पुढं खताच्या पोत्यांचा ट्रॅक्टर होता. गिरामांनी त्याला ओलांडायला गाडी बाहेर काढली आणि धक्का बसला. इंजिन गप्प. समोरून बस येत होती. स्टिअरिंग जड झालेलं; गिरामांनी दोन्ही हातांनी ते ओढलं आणि गाडी उजव्या बाजूच्या मातीत घातली. बस घासून गेली.

गिरामांचे हात अजून स्टिअरिंगवरच होते.

“असंच व्हतंय का दर खेपी?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो.”

“तुमी शाळेत जाता यातून?”

“दुसरं काय करू?”

शोरूमला पोचल्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘चालू गाडी बंद पडली. मी स्वतः चालवत होतो.’ खाली सही केली. कंपनीशी दोन आठवडे भांडून त्यांनी इंधनाचा पंप आणि वायरिंग, दोन्ही वॉरंटीत बदलून दिलं. पंपच तापून बंद पडत होता.

त्याला आता तीन महिने झाले. गाडी एकदाही थांबली नाही. परवा शाळेतल्या रेणुका मॅडम घरी परतताना सुकेशनीसोबत गाडीत बसल्या आणि लेकीच्या लग्नाचं सविस्तर सांगत राहिल्या. गंगाखेड आलं तेव्हा त्यांनी विचारलं, “मग, तुला काय वाटतं?”

सुकेशनीचे कान अजून इंजिनाकडंच होते; त्यातलं एक अक्षर तिनं ऐकलेलं नव्हतं.