पान एकशे त्रेचाळीसवरचा अंगठा

खर्र... करून स्वयंपाकघरातल्या कोरड्या नळाने घसा खाकरला आणि दुपारची शांतता मोडली. भोपाळमधल्या कोटरा सुल्तानाबाद वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत तेव्हा आम्ही तिघं होतो. पाच वर्षांची जुई पंख्याखाली झोपली होती. तिची आई रेवती पिठाच्या डब्याला फोन टेकवून वाचत होती. आणि त्या फोनच्या काचेत, मुंगीएवढ्या अक्षरांत, मी होतो.

नळ खरखरला म्हणजे पाणी येणार, म्हणजे बादल्या लावायला उठायलाच हवं. पण रेवती उठली नाही. तिने दोन बोटांनी माझं पान ताणलं, अजून ताणलं, आणि पुटपुटली, "अरे देवा, हा तर अंगठा आहे."

मित्रांनो, मी एक जुना प्रबंध आहे. प्रबंध म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. एखादं माणूस वर्षानुवर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागतं, तिचा छडा लावतं आणि जे हाती आलं ते लिहून विद्यापीठाला देतं. ते जाडजूड बाड म्हणजे मी. पानं दोनशे बारा, अंगात मरून रंगाच्या रेक्झिनचा कोट, पाठीवर सोनेरी अक्षरं. भाषा हिंदी, विषय भोपाळच्या विहिरींचं आणि बावड्यांचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींचं, पाणी.

मला लिहिलं प्रतिभाताईंनी. उज्जैनची मुलगी, भोपाळला शिकायला आलेली. १९९१ साली त्यांनी एकसष्ट विहिरींचं पाणी दर महिन्याला मोजलं. कसं, ठाऊक आहे? पोलादी पट्टीला खडू फासायचा आणि ती विहिरीत सोडायची. जिथपर्यंत खडू भिजला, तिथपर्यंत पाणी. आसपासच्या बायका हसायच्या. विहिरीला झंपर शिवायचा आहे का, म्हणून विचारायच्या. ताईही हसायच्या आणि आकडा टिपून घ्यायच्या.

मग महाराणा प्रताप नगरात जिन्याखाली बसणाऱ्या मनोहर टायपिस्टने मला टाइप केलं. आकड्यांचे तक्ते आले की तो बोटं मोडायचा, पण एकही रकाना त्याने हलू दिला नाही. शेवटी ताईंनी माझं सगळ्यांत पहिलं पान लिहिलं. आभाराचं. पट्टी धरणाऱ्या मुलींची नावं, सदतीस नंबरच्या विहिरीपाशी ताक देणाऱ्या आजींचं नाव, आणि मनोहरचंही. कोणीही सुटलं नाही.

परीक्षकांनी माझं कौतुक केलं. मग मी ग्रंथालयाच्या कपाटात गेलो आणि तिथेच राहिलो. तीस वर्षांत माझ्या मागच्या चिठ्ठीवर चार तारखांचे शिक्के पडले. माझी जुळी प्रत वाळवीने खाल्ली. ताईही गेल्या. कपाटाची कडी वाजली की मी अंग सावरून बसायचो, पण हात नेहमी शेजारच्याकडे जायचा.

आणि एके दिवशी हात माझ्याकडे आला.

तो मानसीचा हात होता. कंत्राटावर कामाला आलेली, मूळची ग्वाल्हेरची बाई. आम्हा सगळ्या प्रबंधांची पानं एकेक करून यंत्राखाली धरायची आणि आमची छायाचित्रं संगणकात पाठवायची, हे तिचं काम. दिवसाला हजार पानं. तरी मानसीची एक खोड होती. नवा प्रबंध हाती आला की ती आधी आभाराचं पान वाचायची, मोठ्याने, हजेरी घेतल्यासारखं. माझं वाचून झाल्यावर म्हणाली, "बघ, ताकवाल्या आजीचंसुद्धा नाव आलं. नशीब लागतं बाबा."

माझी बांधणी मूळचीच ताठ. पान एकशे त्रेचाळीस काही केल्या सपाट बसेना. मानसीने दोनदा दाबलं, दोनदा ते उसळलं. सगळा तक्ता वाकडा दिसू लागला. मग तिने आपल्या अंगठ्याने ते पान धरून ठेवलं, उजेड चमकला, आणि ती पुढच्या पानाकडे वळली. तक्त्यात अठ्ठावीस ओळी होत्या. अंगठ्याने एक झाकली आणि सत्तावीस वाचवल्या. मी काही तिच्यावर रागावलो नाही.

त्यानंतर जे सुरू झालं ते काय सांगू! माझं शरीर कपाटातच, पण मी मात्र ऑनलाइन ग्रंथालयात. पहिल्याच आठवड्यात रायपूरच्या कोणीतरी मला उघडलं. मग गुवाहाटी, मग धारवाड. ज्याने आयुष्यात चार वाचक पाहिले, त्याला एका दिवसात सहा! मला तर रेक्झिनच्या आत घाम फुटला. शाहपुऱ्यातल्या एका निवृत्त इंजिनिअर आजोबांनी माझ्यात त्यांच्या लहानपणची विहीर शोधून काढली आणि नातवाला बोलावून दाखवली.

सगळेच वाचक असे नसतात म्हणा. काही जण मला उतरवून घेतात आणि 'नंतर वाचू' नावाच्या फोल्डरात ठेवतात. तिथे आम्ही चारशे जण आहोत, आणि तो 'नंतर' अजून उजाडलेला नाही. काही जण नुसता निष्कर्ष वाचून पळतात. एका पठ्ठ्याने तर माझी चार पानं जशीच्या तशी आपल्या निबंधात डकवली. ताईंचं नाव नाही, काही नाही. पण घाईत 'यंदाचा उन्हाळा' हे शब्दही तसेच राहिले, १९९१च्या उन्हाळ्याचे. त्याच्या बाईंनी भर वर्गात त्याला विचारलं, तुझं वय काय रे?

रेवतीची गोष्ट निराळी. मला जागा व्हावी म्हणून तिने फोनमधले जुईचे तीनशे फोटो पुसले. प्रत्येक पुसताना बोट जरा थांबायचं. मग ती मला वाचू लागली, भात शिजेपर्यंत, शाळेच्या फाटकापाशी, जुईला डोळा लागला की. जुई झाल्यावर तिचं संशोधन तीन वर्षं बंद पडलं होतं. आता तिने ताईंचंच काम पुढे चालवायला घेतलं होतं. त्या विहिरींचं आज काय झालं?

बहुतेक विहिरी बुजल्या होत्या किंवा त्यांच्यावर लादी पडली होती. सदतीस नंबरची मात्र उघडी होती, आणि रेवतीच्याच गल्लीच्या टोकाला! वर्षभर ती दर महिन्याला पट्टी घेऊन जायची. खडू फासायचं काम जुईचं. खडू पट्टीला कमी आणि जुईच्या गालाला जास्त लागायचा. नवरा नितीन, कारखान्यात पाळीने काम करणारा, तो चिडवायचा, "मी दोघींशी संसार करतोय. एक तू आणि एक ती विहीर." पण खोल वाकायची वेळ आली की पट्टी तोच धरायचा.

आणि आता तुलनेसाठी तिने हा तक्ता पहिल्यांदाच उघडला, तर नेमकी सदतीस नंबरची ओळ अंगठ्याखाली होती.

सोमवारी रेवतीला समितीपुढे उभं राहायचं होतं. तिच्या मार्गदर्शक सरांनी फोनवर स्वच्छ सांगितलं की जुना आकडाच नसेल तर तुलना कशाशी करणार, ती विहीर कामातून काढून टाका. म्हणजे वर्षभराची मेहनत काढून टाका. नळाला पाणी येऊन गेलं, बादल्या रिकाम्याच राहिल्या, आणि रेवती त्या अंगठ्याकडे बघत बसली. नखावरचं अर्धं उडालेलं नेलपॉलिशसुद्धा दिसत होतं. आकडा तेवढा दिसत नव्हता.

ऑनलाइन ग्रंथालयात माझ्या प्रत्येक पानाखाली एक बारीक बटण आहे. त्यावर लिहिलंय, 'त्रुटी कळवा'. हजारो वाचक आले नि गेले, ते कोणी कधी दाबलं नव्हतं. रेवतीने दाबलं. पान कोणतं, ओळ कोणती, का हवी, सगळं नीट लिहिलं. तो बुधवार होता. गुरुवार गेला. शुक्रवारी तिने फोन लावला, तो नुसता वाजत राहिला.

फोन कोण उचलणार? ग्रंथालयात सगळे आम्हाला बाहेर काढण्यात गुंतले होते. नियम असा निघाला होता की ज्याचं छायाचित्र संगणकात आहे, त्याच्या पाठीवर हिरवा ठिपका लावायचा, आणि ठिपकेवाल्यांना रद्दीत द्यायचं. छायाचित्र नीट आलंय का, हे कोणी उघडून पाहिलं नाही. माझ्याही पाठीवर ठिपका लागला. सुतळीने बांधून मला व्हरांड्यात ठेवलं. मित्रांनो, गंमत बघा. कोटऱ्यात एक बाई माझ्या एका ओळीसाठी पाण्याच्या बादल्या विसरली होती, आणि ती ओळ व्हरांड्यात रद्दीच्या टेम्पोची वाट बघत होती.

शनिवारी सकाळी नितीन पाळीवर होता, म्हणून रेवती जुईला घेऊनच आली. टेम्पो दारात उभा! अर्धे गठ्ठे चढलेले! विक्रांत नावाचे सहायक यादी धरून उभे होते. रेवतीने एका दमात सगळं सांगितलं.

"मॅडम, हिरवा डॉट लागला की बाहेर, असा रूल आहे," ते म्हणाले. "आणि ऑनलाइन आहे ना, तिथं बघून घ्या."

रेवतीने फोन त्यांच्यापुढे धरला. विक्रांतनी पान मोठं केलं. कपाळाला आठ्या पडल्या, मग गेल्या. त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढून ग्रंथालयाला आलेल्या ईमेल उघडल्या, आणि रेवतीची बुधवारची तक्रार न वाचलेली सापडली. तेव्हा ते टेम्पोकडे वळून ओरडले, "रुको भैया! सब उतारो!"

मग काय धांदल! सुतळ्या सुटू लागल्या, धूळ उडू लागली. मी आतून ओरडत होतो, इथे, इथे! पण आम्हाला आवाज असता तर तीस वर्षं गप्प कशाला बसलो असतो? रेवती एकेक पाठ वाचत होती. हा नाही, हाही नाही. जुई कंटाळून एका गठ्ठ्यावर बसली. तिला उठवून गठ्ठा सोडला, तर मरून कोट, सोनेरी अक्षरं. मी तिच्याच खाली होतो!

रेवतीने मला मांडीवर घेतलं. फोनमध्ये तिने मला पन्नास वेळा उघडलं असेल, पण हाताने पहिल्यांदाच. पान एकशे त्रेचाळीस पुन्हा उसळलं. तिने ते तळहाताने धरलं, आणि मोठ्याने वाचलं, "विहीर क्रमांक सदतीस, मे महिना, नऊ मीटर पस्तीस." मग पुन्हा वाचलं. तिने वर्षभर सांभाळलेल्या वहीत यंदाच्या मेचा आकडा होता पंधरा मीटर दहा. पाणी किती खाली गेलं ते आता ती समितीला सांगू शकणार होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसत होती.

विक्रांतनी नखाने खरवडून माझा हिरवा ठिपका काढला. सगळे गठ्ठे परत आत घेतले, आणि छायाचित्रं तपासल्याशिवाय एकही बाहेर जाणार नाही, असं यादीवरच लिहून टाकलं. माझं ते पान त्यांनी पुन्हा यंत्राखाली धरलं, काठाला पट्टी ठेवून. जुना फोटो काढून टाकायच्या आधी त्यांनी रेवतीला विचारलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

तर मित्रांनो, मला फोनवर उघडा, हवा तेवढा उघडा, मला फार आवडतं. पण 'नंतर'वर टाकू नका. ज्याचं घेतलं त्याचं नाव लिहा. काही चुकलेलं दिसलं तर ते बारीक बटण दाबा, पलीकडे माणूस असतो. आणि काचेतली सावली आली म्हणून शरीर रद्दीत देऊ नका.

एवढं सांगून मी थांबणार होतो. पण जुई थांबू देईना. आईने मांडीवर मला पहिल्या पानापासून उघडलं होतं आणि ती तिला आभार वाचून दाखवत होती. पट्टी धरणाऱ्या मुली, ताकवाल्या आजी, टायपिस्ट मनोहर. ज्यांनी ज्यांनी मदत केली त्या सगळ्यांची नावं या पानावर असतात, असं रेवतीने समजावलं. तुझंही नाव माझ्या प्रबंधात येणार, खडू लावला ना तू.

जुईने विचार केला. मग संगणकाच्या पडद्यावर अजून उघड्या असलेल्या जुन्या फोटोकडे बोट केलं. उडालेलं नेलपॉलिश, आणि पान घट्ट धरून ठेवलेला अंगठा. हा कोणाचा, असं रेवतीने नजरेनेच विक्रांतना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. कंत्राट कधीच संपलं होतं, कंत्राटी माणसांची यादी राहिली नव्हती. मला ते नाव ठाऊक होतं. पण मला कोण विचारणार?

"आई," जुई म्हणाली, "या अंगठेवाल्या मावशीचं नाव कुठल्या पानावर आहे?"