शेरीफच्या मापाचा पट्टा

कुणाल आखातात, रुवैसच्या रिफायनरीत कामाला होता. महिन्यातून दोनदा चार तास गाडी चालवत तो शारजाला, अल नहदाला यायचा. तिथे त्याची दहा वर्षांची पर्णिका आईजवळ राहत होती. कुणाल-शुभ्राचा घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं होतं.

शाळेच्या काउबॉय नाटकात पर्णिका शेरीफ होणार होती. खेळण्यातलं रिव्हॉल्व्हर शाळेचं. कमरपट्टा आणि रिव्हॉल्व्हर खोचायचं होल्स्टर मात्र घरून आणायचं. पार्टीच्या दुकानातले रेक्झिनचे पट्टे कुणालला हातात घेताच नकोसे झाले. ऑनलाइन खऱ्या चामड्याचा सेट साडेचारशे दिरहम. "रुपयांत दहा हजारांच्या वर गेले की!" कुणाल म्हणाला. आणि तोही मोठ्या माणसाच्या मापाचा. मग प्लांटवरच्या महादूने उम्म अल कुवैनमध्ये घोड्यांची खोगिरं शिवणाऱ्या उस्मानभाईंचं नाव सांगितलं. शनिवारी सकाळी बापलेक तिथे पोचले.

उस्मानभाईंनी दोन कातडी पुढे ठेवली. "ये बकरी का, सस्ता है. पर बंदूक बार-बार खींचेगी तो टाँका खुल जाएगा. भैंस का लो. एक सौ चालीस में सब."

कुणालने तपकिरी रंग निवडला. रिव्हॉल्व्हर ओढताना होल्स्टर वर येऊ नये म्हणून मांडीला बांधायची वादीही लावायला सांगितली. मग स्वतःच पाय फाकवून उभा राहिला. "पर्णू, असं उभं राहायचं. हात मोकळा."

"ओके, पपा."

उस्मानभाईंनी तिच्या कमरेला टेप लावली. "बच्ची बढ़ेगी. छेद ज़्यादा रखूँ?"

"रखो, रखो. अगले साल भी नाटक होगा."

पर्णिकाचे डोळे भरून आले. "पपा, डोन्ट. आय वोन्ट बी इन द प्ले."

"का गं? रोल काढून घेतला?"

"वी आर लीव्हिंग. ऑन द ट्वेंटिएथ. मम्मा गॉट अ जॉब इन पुणे. ती आज तुला सांगणार होती."

मुलीला भारतात न्यायला घटस्फोटाच्या वेळी त्याने स्वतःच संमतीची सही दिली होती. पण ते कधीतरी, पुढे, असं तो धरून चालला होता. नाटक सत्तावीसला होतं.

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?"

"यू वेअर सो हॅपी."

उस्मानभाईंनी आरी खाली ठेवली. "रहने दूँ, साब?"

"नहीं. पूरा करो. छेद भी उतने ही."

दोन तास लागले. दोघं बाकावर बसून राहिली. पुण्यात शाळा कुठली, घर कितव्या मजल्यावर, असं तो विचारत राहिला. तिला काहीच ठाऊक नव्हतं. ती त्याच्या दंडावर डोकं टेकून झोपली. हाताला मुंग्या आल्या तरी त्याने तो हलवला नाही.

संध्याकाळी दोघं अल नहदाला परतली तेव्हा शुभ्रा इमारतीखाली आली. वाटेत कुणालने तिला सुनावायचं बरंच काही जुळवलं होतं. तिचे सुजलेले डोळे पाहून तो एवढंच म्हणाला, "फ्लाइट किती वाजता?"

"संध्याकाळी सहाला. जॉइनिंग अचानक अलीकडे आलं रे. मी आज सांगणारच होते."

"एअरपोर्टवर येतो मी. सुट्टी बघतो."

पर्णिका फ्रॉकवर पट्टा बांधून लिफ्टमध्ये शिरली. दार मिटेपर्यंत हात हलवत होती. कुणाल गाडीत बसला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून हुंदके देत राहिला.

सुट्टी मिळाली नाही. शिफ्ट बदलून घ्यायलाही कोणी तयार झालं नाही. वीस तारखेला तो प्लांटवर होता; तिथे फोन आत नेता येत नाही. शिफ्ट संपवून संध्याकाळी सातला बाहेर येऊन त्याने लॉकर उघडला, तर पर्णिकाचे चार मिस्ड कॉल. त्याने उलट फोन लावला. तो बंद होता.