तीनदा खोडलेली काकू

मुलं संगतीनं बिघडतात, हे सिद्ध करण्यात माझी बावीस वर्षं गेली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे माझी आजी फुकटात सांगायची. मी त्याचेच तक्ते केले आणि समाजशास्त्रज्ञ म्हणवून घेऊ लागले.

पद्धत माझी साधी आहे. शाळेतल्या प्रत्येक मुलीनं आपल्या जवळच्या पाच जणांची नावं लिहायची. मुलगी म्हणजे ठिपका, मैत्री म्हणजे रेघ. शाळेच्या यादीत नसलेलं नाव लाल पेननं खोडायचं, कारण ज्याचा ठिपकाच नाही त्याला रेघ कशी जोडणार? नियम मीच केलेला, आणि त्याचा मला अभिमानही होता.

त्या नकाशात एका पंधरा वर्षांच्या मुलीला दोनच रेघा होत्या. दोन्ही जात होत्या दुकानांतून वस्तू लांबवणाऱ्या मुलींकडे. ती स्वतःही दोन बोटांनी अलगद पाकीट काढायची, म्हणून सगळे तिला चिमटी म्हणत. बाल समितीनं माझं मत मागितलं. मी लिहून दिलं, ही संगत तोडा. म्हणजे मावशीचं घर सोडून तिला तीन वर्षं दूरच्या वसतिगृहात राहावं लागणार होतं. निकाल मंगळवारी होता.

सोमवारी सकाळी तिची मावशी माझ्या खोलीत आली. इस्पितळाच्या धुलाईखात्यातून थेट आली होती, बाह्या अजून ओल्या होत्या.

"पोरगी म्हणते तिनं पाच नावं लिहिली," ती म्हणाली. "तुमच्या कागदावर दोनच कशी?"

"नियमात न बसणारी गाळतो आम्ही."

"मग बघू तरी द्या, कोण बसलं नाही ते."

मला राग आला. कामाच्या वेळी येऊन ही मला शिकवणार? केवळ तिला गप्प करावं म्हणून मी कपाटातून मूळ कागद काढला. वर दोन मैत्रिणींची नावं होती. खाली लाल रेघेखाली एकच नाव तीनदा लिहिलेलं होतं. किल्लीवाली काकू, किल्लीवाली काकू, किल्लीवाली काकू.

ही कोण, असं मी विचारलं. मावशीनं टोमणा न मारता तिच्या किल्ल्यांच्या दुकानाचा पत्ता सांगितला, हे तिचे उपकार.

दुपारी मी ते दुकान शोधलं. कपाटाएवढी जागा, भिंतभर कोऱ्या किल्ल्या, आणि साठीची एक बाई कानशीनं किल्ली घासत बसलेली.

"चिमटी? शाळा सुटली की येते. चार महिने झाले," ती म्हणाली. "आता त्या दोघींनाही आणते. स्टूल एकच, तिघी भांडतात. मी म्हटलं, आधी किल्ली घासा, मग बसा."

त्या दोघी म्हणजे माझ्या दोन रेघा. परत येऊन मी पोलिसांकडच्या तक्रारींचा रकाना काढला. गेल्या चार महिन्यांत तिघींपैकी एकीवरही तक्रार नव्हती. हा रकाना माझ्याच फायलीत होता. संगतीनं वाईटच होणार असं मी धरून चालले होते, म्हणून तो उघडलाच नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

मंगळवारी मी काकूंना सोबत घेऊन समितीपुढे उभी राहिले आणि म्हणाले, "माझा अहवाल चुकला आहे." बावीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते. मग सगळं सांगितलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, तसं झालं हे." त्या काकूंकडे वळल्या. "दुकानातून काही गेलं का आजवर?"

"गेलं ना," काकू म्हणाल्या. "माझी दुपारची झोप. सारखी प्रश्न विचारत असते."

अध्यक्षबाई हसल्या नाहीत, पण पेन मात्र खाली ठेवलं. बराच वेळ कागद चाळून त्यांनी निर्णय दिला. मुलगी मावशीकडेच राहील, सहा महिने बघू, आणि दर महिन्याचा अहवाल मी द्यायचा.

बाहेरच्या बाकावर मी चिमटीला विचारलं, "एकच नाव तीनदा का लिहिलंस गं?"

"एकदा लिहिलं तर तुम्हाला दिसणार नाही असं वाटलं," ती म्हणाली. "तीनदा लिहूनही दिसलं नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं.

पुढच्या महिन्यात मी सगळ्यांकडून नव्यानं कागद भरून घेतले. यादी नाही, लाल पेन नाही. चिमटीचा कागद मी सर्वांत आधी उघडला. दोन्ही मैत्रिणी होत्या, मावशी होती, वर्गातली एक नवी मुलगी होती.

आणि किल्लीवाली काकू होती. या वेळी एकदाच लिहिलेली.