चार ते सातची भूक

त्या घरात तीन संशोधक होते, आणि त्यांतली एकच रोज चार वाजता हातमोजे काढून घराकडे पळत सुटायची. आपण तिला वहिनीच म्हणू, कारण घरात तिला दुसरं नाव उरलंच नव्हतं.

वहिनीचे जिवाणू काजव्यांसारखे उजेड द्यायचे. प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये निळसर हिरवा, इतका सुंदर की बघणारा बोलणं विसरेल. किती उजेड पडला ते यंत्र आपोआप टिपायचं, पण दर तासाला पोषक द्रवाचे थेंब मात्र हातानेच घालावे लागत. दिवसा वहिनी घालायची, सातनंतर रात्रपाळीची मदतनीस. नवरा, म्हणजे दादा, शेअरच्या भावांचे चढउतार गणितात बसवायचा. धाकटी नणंद दोन वर्षं एकाच ताऱ्याचा उजेड मोजत होती आणि तारा तिला दाद देत नव्हता.

"जंतूंना हात लावून आलीस, आधी हात धू," सासूबाई त्याही दिवशी म्हणाल्या.

"धुऊनच लावते, आई. आपल्यापासून त्यांना जपावं लागतं."

धाकटी फिसकन हसली. दादा हसला नाही. पाहुणे आले की उजेडाच्या जिवाणूंबद्दल तासभर विचारायचे आणि त्याच्या समीकरणांचा विषय निघाला की चहा संपवून उठायचे. "बायको मोठी हुशार हो तुमची," असं कुणी म्हटलं की तो मान डोलवायचा, आणि आतून कोळशासारखा धुमसत राहायचा.

म्हणूनच त्याने एका सकाळी तिच्या संगणकावरून चाळीस दिवसांचे आकडे उचलले. विचारलं नाही. बायकोचे आकडे, विचारायचं काय? भावांना लावायचं गणित त्याने उजेडाला लावलं आणि खुर्चीतून उठलाच. दर चोवीस तासांनी उजेड ठरल्या वेळी मावळत होता. जिवाणूंच्या पोटात घड्याळ! आठ दिवसांत लेख तयार. लेखक एकटा दादा. शेवटच्या पानावर आभार: 'मदतीबद्दल माझ्या पत्नीचे.'

वहिनी भाजी चिरत असताना त्याने लेख आणि संमतीचा कागद तिच्यापुढे ठेवला. "इथे सही कर. सकाळी पाठवायचाय."

तिने पानं उलटली. "माझं नाव?"

"आहे की. आभारांत."

"तिथे 'पत्नी' आहे."

"अगं, तुझं काय आणि माझं काय? घरातच राहतंय ना?"

सासूबाई शेंगा सोलत होत्या. "याच्या वडिलांच्या गणिताच्या पुस्तकात निम्मी उदाहरणं माझी आहेत," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगत बसले नाही मी. काही अडलं का माझं?"

अडलं होतं. तीस वर्षं अडलं होतं, आणि आपल्याला जे मिळालं नाही ते सुनेला मिळालं तर, या विचाराने त्यांना हातातल्या शेंगाही कडू वाटत होत्या. ही रूढी अशीच एका बाईच्या हातून दुसरीच्या गळ्यात पडते. हुंडा निदान लग्नाआधी आणि चारचौघांत मागतात. हा हुंडा लग्नानंतर, वर्षानुवर्षं, बाईच्या डोक्यातून काढून घेतात आणि त्याला 'मदत' म्हणतात.

धाकटीने लेख ओढून घेतला. खरं सांगायचं तर ती चूक शोधायलाच बसली होती. घरात दुसऱ्याच कुणाचं काहीतरी छापून येणार, हे तिलाही खुपत होतं.

"दादा, उजेड मावळतो किती वाजता?"

"चारनंतर. सातनंतर पुन्हा चढतो. फक्त रविवारी मावळत नाही. म्हणजे त्यांना आठवड्याचंही घड्याळ आहे. त्यावर दुसरा लेख करणार आहे."

"जिवाणूंना रविवारची सुट्टी कळते?"

दादाने लेख परत घ्यायला हात पुढे केला.

"मला पहिल्या वर्षी असाच तारा सापडला होता," धाकटी म्हणाली. "रोज एकाच वेळी अंधुक व्हायचा. सर म्हणाले, आकाशातलं काही आपल्या ऑफिसच्या वेळा पाळत असेल तर आधी जमिनीवर बघ. बघितलं, तर त्या वेळी पहारेकरी दुर्बिणीशेजारच्या व्हरांड्यातला दिवा लावत होता." ती वळली. "वहिनी, चार ते सात तू कुठे असतेस गं?"

वहिनीने सुरी खाली ठेवली. "इथे. तुम्हा सगळ्यांचा स्वयंपाक करत." मग दादाकडे बघून म्हणाली, "अहो, घड्याळ कसलं? उपाशी असतात ते. तेवढे तीन तास त्यांना भरवायला कुणी नसतं. रविवारी दिवसभर मदतनीस असते, म्हणून पोटभर खातात. माझ्या वहीत रोज लिहिलंय, 'चार ते सात, घरी.' तुम्ही आकडे नेलेत, वही मागितली नाहीत."

धाकटीला क्षणभर वाटलं, जाऊ दे हा लेख असाच, होऊ दे फजिती. मग वहिनीचा चेहरा दिसला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

दादाने लेख धाकटीच्या हातातून घेतला. "बरं. ते तीन तास गाळू. तुझं नाव दुसरं घालतो."

"नको." वहिनीने कागद सही न करता परत सरकवला. "आकडे माझे, लेख मी लिहीन. तुमचं गणित वापरलं तर आभार मानीन. नावानिशी."

"आणि स्वयंपाक?"

"रोजचं वेळापत्रक तुम्हीच तर शोधून काढलंत. त्यात आता स्वतःची पाळी लावा."

सासूबाईंनी शेंगांचं ताट उचललं आणि मुलासमोर ठेवलं.

तीन महिन्यांनी वहिनीचा लेख गेला: उपाशी जिवाणूंचा उजेड किती वेगाने मावळतो. प्रयोगाच्या पद्धतीत एक ओळ होती: 'रविवार वगळता रोज चार ते सात पोषक द्रव दिला गेला नाही, कारण संशोधिका त्या वेळी घरी स्वयंपाक करत होती.'

संपादकांचं उत्तर आलं. लेख स्वीकारला आहे, मात्र ही ओळ खासगी स्वरूपाची असल्याने गाळावी.

वहिनीने त्याच दिवशी लिहून पाठवलं: 'ओळ राहू द्या. ती गाळली तर आकडे खोटे ठरतील.'