रोध गेला!

आमच्या प्रयोगशाळेत कोणी "गेला!" म्हणून ओरडलं की सगळे हातातला चहा ठेवून धावतात. गेला म्हणजे रोध गेला. तार गार करत करत तिचं तापमान खूप खाली नेलं की विजेला होणारा तिचा अडथळा एका क्षणी साफ नाहीसा होतो. पडद्यावरची रेघ धाडकन तळाला येते आणि जो आधी बघतो तो बोंब मारतो. नव्या धातूची तार असली की कधी कधी वर्ष जातं, पण रोध काही जात नाही. मग मी दिसेल त्याच्यावर खेकसत फिरते. स्वभावाला औषध नाही, दुसरं काय!

बाबांना माझ्या कामाची भारी गंमत वाटायची. त्यांनी जन्मभर इस्त्र्या आणि शेगड्या दुरुस्त केल्या. "अगं, तारेत रोध असतो म्हणून इस्त्री तापते," ते म्हणायचे. "त्या बिचाऱ्याच्या जिवावर तुला शिकवली, आणि तू त्याच्याच मुळावर उठलीस!" मी चिडले की त्यांना आणखी चेव यायचा.

मग एक दिवस बाबांना इस्त्रीचा स्क्रू दिसेना. चष्मा बदलला, तरी तेच. डोकं ठणकायला लागलं. तपासणीत डोळ्यांच्या नसेजवळ एक गोळा निघाला. सर्जनबाई स्पष्टच बोलल्या, "गोळा नसेला नुसता टेकलाय की आत घुसलाय, ते एमआरआयशिवाय कळायचं नाही. टेकला असेल तर काढते, नजर वाचेल. घुसला असेल तर हात लावणार नाही. आणि थांबायला वेळ नाही."

आणि नेमकं हॉस्पिटलचं मशीनच बंद! त्याचा चुंबक म्हणजे आमच्याच जातीच्या तारेचं मोठं वेटोळं. ते गार राहिलं तरच चालतं, आणि त्याला गार ठेवणारा आतला द्रव हेलियम उडून गेल्यामुळे ते तापलं होतं. दुसरीकडे चौकशी केली तर पुढच्या महिन्यातला नंबर. दुष्काळात तेरावा महिना तो हा. कंपनीचा इंजिनिअर नवा हेलियम भरत होता. मी त्याच्या दारात ठाण मांडलं. "मी याच तारा बनवते हो," म्हणून इतकी भुणभुण लावली की शेवटी तो म्हणाला, "या आत, पण कशाला हात लावाल तर बघा."

बाहेर बाकावर आत्या बसली होती. बाबांना रक्त तपासायला शेजारच्या खोलीत नेलं होतं. मी तारेचा रोध दाखवणाऱ्या पडद्याकडे डोळे लावून उभी. रेघ उतरत होती, उतरत होती, आणि धाडकन तळाला आली. मग मला कुठलं भान? "गेला! गेला!" ओरडत मी डोळे पुसत बाहेर धावले.

"दादा रे!" आत्याने जो हंबरडा फोडला, तो आख्ख्या मजल्याने ऐकला. दोन अनोळखी बायका तिला धरायला धावल्या, कोणी पाणी आणलं. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि कोपरावर कापूस दाबत बाबा बाहेर आले.

"कोण गेलं?"

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मेले, जीभ हासडीन तुझी!"

"आत्या, रोध गेला गं, रोध!"

"कोण हा रोध? आपल्या नात्यातला?"

"नात्यातला कसला, माझा अन्नदाता होता तो," बाबा म्हणाले आणि इतके हसले की नर्सने दम दिला. आत्या मात्र मला पिशवीने बडवतच होती.

चुंबकात वीज भरून सगळं जुळवायला वेळ लागला, पण बाबांचा नंबर पहिला लागला. सर्जनबाईंनी चित्र दाखवलं. गोळा आणि नस यांच्यामध्ये केसाएवढी बारीक फट होती. "घुसलेला नाही, काढते," त्या म्हणाल्या. मी त्या फटीकडे बघतच राहिले. त्या चुंबकातली तार गार करून पाहताना कोणे एके काळी कोणीतरी पहिल्यांदा माझ्यासारखंच ओरडलं असेल. त्या माणसाचे, इंजिनिअरचे, सर्जनबाईंचे आणि बाबांच्या सगळ्या इस्त्र्यांचे पाय धरावेसे वाटले मला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणावर चिडावंसं वाटत नव्हतं.

ऑपरेशननंतर बाबांनी डोळे उघडले तेव्हा मी आणि आत्या खाटेशी उभ्या होतो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. माझा जीव टांगणीला लागला.

"अगं, केस किती पिकले तुझे!" ते म्हणाले.

मला रडू आवरेना. बाबांनी डोक्याच्या पट्टीकडे बोट नेलं आणि हळूच विचारलं, "गेला?"

माझं रडणं थांबायची वाट न बघता आत्याच पुढे झाली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "गेला रे दादा, गेला!"

पलीकडच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली.